घरचे गाडीनं येत नाहीत

इनासकाकांवर अन्याय झाला तो १९८३ सालच्या मे महिन्यात, तिसऱ्या रविवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी. वेळ मी घड्याळात बघून लिहून घेतली. ज्या अन्यायाची वेळ सांगता येत नाही त्याचा अर्ज कुठलंच कार्यालय घेत नाही, हे आमच्या युवक मंडळात पहिल्या दिवशी शिकवतात. ठिकाण म्हणजे काकांच्या स्वतःच्या गावाच्या वेशीवर आडवा टाकलेला बांबू. गावाचं नाव लिहीत नाही, कारण बांबूवरची मंडळी अजून तिथंच आहेत आणि मला आठवड्यातून दोनदा त्याच रस्त्यानं जावं लागतं.

काका तुळिंजला आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. मुंबईतल्या एका कचेरीत नकाशे काढता काढता निवृत्त झालेले. भावांच्या वाटणीत वाडीतलं घर धाकट्याकडे गेलं, म्हणून हे नालासोपाऱ्याच्या पूर्वेला आले. जमिनीवर पाय ठेवण्याचे पैसे द्यायचे नाहीत, हा त्यांचा बाणा. कुणाला गाडीवर सोडायला गेले तरी प्लॅटफॉर्म तिकीट काढायचे नाहीत. बाहेर कुंपणाशी उभे राहून रुमाल हलवायचे, आणि गाडी पलीकडच्या फलाटावर लागली की भलत्याच माणसांना हलवत बसायचे. कुणी हटकलं तर ठरलेलं उत्तर होतं, "झिजते ती माझी चप्पल. पैसे तुम्हाला कशाचे?"

त्यांच्या बायकोचा, मार्टाकाकीचा, जन्म समुद्राच्या वाऱ्यावर गेला होता. पण मुंबईचे लोक येतात तसं मोटारीतून उतरायचं, चटई टाकायची आणि उकडलेली अंडी खात समुद्राकडे बघत बसायचं, हे तिला आयुष्यात एकदा करायचं होतं. म्हणून काकांनी लग्नासाठी भाड्यानं मिळणारी एक राखाडी फियाट दिवसभरासाठी घेतली. दिवेलागणीच्या आत परत आणायची, ही अट. चालवायला ते साठीच्या तोंडावर शिकले होते. चालवताना कमरेतून पुढं झुकायचे, जणू गाडीला कमी ऐकू येतं. मी शेजारी, काकी मागं, तिच्या मांडीवर अंड्यांचा डबा. बेत असा, की काकांच्या गावावरून जायचं, दुपारी कळंबचा किनारा, संध्याकाळी अर्नाळ्याचा.

आता बांबूविषयी. मुंबईच्या मोटारी किनाऱ्याकडे यायला लागल्यापासून वाटेवरच्या गावांनी रस्तादुरुस्तीच्या नावाखाली एकेक बांबू आडवा टाकला होता. एका टोकाला धोंडा बांधलेला, दुसऱ्या टोकाला पावतीपुस्तक घेतलेला माणूस. परवानगी कुणी दिली? कुणी नाही. यावर मी तोवर दोन पत्रकं काढली होती. बांबूशेजारी फळा असायचा: 'बाहेरच्या मोटारीस दोन रुपये. पाहुण्यांस माफ.' पाहुण्यांकडून पैसे घ्यायला आमच्याकडचं कुठलंही गाव धजणार नाही, म्हणून ही दुसरी ओळ.

काकांच्या गावाच्या बांबूवर दुमिंग होता. काकांचा बालवर्गापासूनचा सोबती. दोघांनी मिळून फादरच्या बागेतले पेरू चोरलेले आणि मारही एकाच वेताचा खाल्लेला. पण दुमिंगला आयुष्यात पहिल्यांदाच शिट्टी मिळाली होती. त्यानं ती वाजवली.

"दोन रुपये," दुमिंग म्हणाला.

"दुमिंग, मी इनास."

"दिसतंय मला. गाडी मुंबईची आहे."

"गाडी परकी असेल. मी नाही."

दुमिंगनं विचार केला. तो मनानं वाईट नव्हता. मग पाहुणा म्हणून लिहितो, म्हणाला, पाहुण्याला माफ आहे. मागून काकीनं सांगितलं की लिहू द्या, ऊन चढतंय. काकांचे कान लाल झाले. ज्या गावात त्यांचा बाप्तिस्मा झाला, ज्या विहिरीत ते दोनदा पडले, तिथं पाहुणा?

"घरच्यांसाठी काय लिहिलंय फळ्यावर?" त्यांनी विचारलं.

दुमिंगनं फळा वरपासून खालपर्यंत वाचला. दोनच ओळी होत्या, तरी वेळ घेतला. मग म्हणाला, "घरचे गाडीनं येत नाहीत."

नऊ वाजून वीस मिनिटं. काकांनी गाडी फिरवली.

त्यांच्या खिशात स्वतः काढलेला नकाशा होता. महिनाभर सायकलवर हिंडून त्यांनी प्रत्येक बांबू लाल शाईनं टिपला होता आणि बिनबांबूच्या गल्ल्या हिरव्या शाईनं. नकाशा सुंदर होता. त्यात एकच उणीव होती, की तो सायकलचा होता. पहिल्या हिरव्या वाटेनं आम्ही एका केळीच्या वाडीत शिरलो आणि दोन्ही बाजूंनी केळीची पानं खिडकीतून आत आली. दुसरी वाट मिठागराच्या बांधावर संपली. तिसरी एका बाईच्या न्हाणीघरापाशी संपली आणि तिनं आम्हाला जे सुनावलं ते मी पत्रकातसुद्धा छापलं नसतं. जाळलेल्या पेट्रोलात बांबूवाल्यांची दिवाळी झाली असती, असं काकी म्हणाली.

शेवटी तोडगा काकांनीच काढला. आपल्या गावात पाहुणा होणार नाही, दुसऱ्यांच्या गावात व्हायला हरकत नाही. पुढच्या बांबूवर त्यांनी एका मावसभावाचं नाव सांगितलं. बांबूवाला इमानदार निघाला. पुढं सायकल मारत थेट दारापर्यंत पोचवायला आला आणि आम्ही आत जाईपर्यंत हलला नाही. आता दारात आलेला माणूस आमच्याकडे उठून जाऊ शकत नाही. कोकम सरबत, सुकेळी, मग कोळंबी आणि पाव, मग घरातल्या प्रत्येक आजारपणाची हकीकत. तिथून निघालो तर पुढच्या बांबूवर काकांच्या कचेरीतल्या एका सोबत्याचं घर. पुन्हा जेवण. दोन रुपये वाचवायला मी एका दुपारी दोनदा जेवलो. अंड्यांच्या डब्याकडे बघवेना. काका मात्र खूश होते. पट्टा सैल करून म्हणाले, "बघ, पोरा. एक पैसा दिला नाही." समुद्रही दिसला नव्हता, पण ते मी बोललो नाही.

कळंबच्या आधीचा शेवटचा बांबू मार्टाकाकीच्या माहेरी होता. पाच वाजून गेले होते. पावतीपुस्तकवाला तरुण पोरगा होता, त्यानं काकीला ओळखलं नाही. तिनं वडिलांचं नाव सांगितलं तेव्हा तो हसला. "मग पाहुणी. माफ," म्हणाला आणि तसं लिहून पावती तिच्या हातात दिली. काकांनी गाडी सुरू केली.

"थांबा," काकी म्हणाली. आवाज चढवला नाही. "पस्तीस वर्षं झाली. इथं पाय ठेवला की मी पाहुणी. भाऊ दारातच विचारतो, किती दिवस आलीस. तुम्हाला आज सकाळी एकदा म्हणाले तर तुम्ही गाडी फिरवलीत."

काकांनी इंजिन बंद केलं. म्हणाले, "कधी बोलली नाहीस."

"तेव्हा बांबू नव्हता ना. कुठं थांबून बोलणार?"

तिनं चटई काखेत घेतली, डबा उचलला, खाली उतरली, बांबूखालून वाकली आणि समुद्राच्या दिशेनं चालू लागली. काका मागोमाग गेले. त्यांना नीट वाकता आलं नाही, डोकं आपटलं, पण थांबले नाहीत. मला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून राखणीला मी उरलो. पायी गेलेल्यांचं काय लिहायचं, असं त्या पोरानं मला विचारलं. काही नाही, मी म्हणालो. त्यानं पुस्तकात 'काही नाही' असं लिहिलं.

तिथं वाळूत दोघं काय बोलले, मला माहीत नाही. परत आली तेव्हा डबा रिकामा होता. अर्नाळा राहिला तो राहिलाच. अंधारात गाडी परत केली, मालकानं आरडाओरडा केला, काकांनी मान खाली घालून ऐकून घेतला. मी घरी जाऊन माझी दोन्ही जुनी पत्रकं काढून वाचली. दोन्हींची सुरुवात एकच होती: 'गावकरी बंधूंनो.'

काकांची लेक रीटा माहीमला दिलेली. ती आली की पिशवी हातात घेण्याआधी काका विचारायचे, "किती दिवस?" मासे त्या हिशेबानं आणायचे म्हणून, असं त्यांचं म्हणणं. त्या मे महिन्यानंतर त्यांनी ते विचारलं नाही. पिशवी घ्यायचे आणि आत जायचे. माशांचा अंदाज साफ चुकायचा. रीटा सकाळी येऊन संध्याकाळी गेली की आठवड्याचे बोंबील आम्हा शेजाऱ्यांत वाटले जायचे. आमची तक्रार नव्हती.

गावाच्या सभेला त्यांनी अर्ज दिला: 'या गावात जन्मलेल्या सर्वांस, लेकी नांदायला कुठेही गेल्या असोत, घरचे असे लिहावे.' समिती म्हणाली, मग अर्धा तालुका फुकट जाईल, रस्ता कोण दुरुस्त करणार? दुमिंग उभा राहिला. रस्ता अजून तरी कुठं दुरुस्त झालाय, असं त्यानं विचारलं. त्याची शिट्टी काढून घेण्यात आली. अर्ज पुढच्या सभेवर ढकलला आणि तीन वर्षं तो पुढच्याच सभेवर आहे. गेल्या उपवासकाळात, ईस्टरच्या आधी, काका वारले.

बांबूचं मी बघतो. ते माझं काम आहे, सातवं पत्रक छापायला गेलंय, आणि या वेळी सुरुवात 'भगिनींनो' अशी आहे. तुमचं काम वेगळं. तुमची लेक, तुमची बहीण दारात येऊन उभी राहील तेव्हा ती किती दिवस आली हे तिला विचारू नका. मनात आलं तरी गिळा. पिशवी घ्या आणि बाजूला व्हा, म्हणजे तिला आत जाता येईल.