पेटीवरून हात उचलला तेव्हा

देवाने गाणाऱ्या माणसाचाच आवाज का काढून घ्यावा, हा प्रश्न मी मागच्या वर्षी मनातल्या मनात पुष्कळदा विचारला. मोठ्याने विचारायची हिंमत नव्हती, कारण जिचा आवाज गेला होता तीच रोज सकाळी देवापुढे दिवा लावत होती.

माझी पत्नी आमच्या मेडशीकडच्या गावातल्या महिला भजनी मंडळाची मुख्य गायिका. गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज पार बसला. डॉक्टर म्हणाले, बोलणं सुधारेल, गाण्याचं सांगता येत नाही. बोलणं सुधारलं. गाणं मात्र वरच्या सुरापाशी गेलं की फाटायचं. मग तिने मंडळात जाणंच सोडलं. पोळ्या लाटताना गुणगुणायची सवय होती, तीही थांबली. घरातली ती शांतता मला खायला उठायची.

अशात किन्हीराजा गावच्या सप्ताहात सकाळच्या भजनाचं बोलावणं आलं. मंडळातल्या बायका अडून बसल्या, तू नसशील तर आम्हीही जात नाही. ही एवढंच म्हणाली, "एक डाव येते. नाही जमलं तं विषय संपला. मंग मले कोनी गानं म्हन म्हनू नका."

मी जमीन मोजणीच्या खात्यातला माणूस. अंदाजाने खुंटी ठोकलेली मला चालत नाही. मंडळात पेटी माझ्याकडे, म्हणून सगळी आखणी मीच केली. तिची जुनी पट्टी काळी चार. ती उतरवून गळ्याला सोप्या काळी तीनवर आणली. सोपी भजनं आधी ठेवली. तिसऱ्या भजनाचा अंतरा वर चढतो, तिथे तिने अर्धी ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी पुढची उचलायची असं ठरवलं. कोणी कुठे श्वास घ्यायचा तेही लिहिलं आणि तो कागद पेटीच्या लाकडावर चिकटवला. आमच्याबरोबर वर्षानुवर्षं ढोलक वाजवणारे सलीमभाई, त्यांचं शिरपूरला बांगड्यांचं दुकान आहे, कागद पाहून हसले. "भाऊ, तुमी तं देवाचीबी मोजणी करून राह्यले! हद्द कायम केली का त्याची?"

"हसू नका, सलीमभाई," ही म्हणाली. "मले त्या कागदाचाच आधार हाय."

देऊळ बसथांब्याला लागून. मांडव भरलेला होता. पहिली दोन भजनं आखल्याप्रमाणे पार पडली. तिसऱ्याच्या अंतऱ्यात मात्र ठरलेल्या जागेच्या आधीच तिचा आवाज फाटला आणि थांबला. मागच्या बायका गप्पच राहिल्या, कारण कागदाप्रमाणे त्यांची ओळ अजून यायची होती. मी इतकं पक्कं बसवलं होतं की कोणी पुढे व्हायला धजेना. मी तोच तुकडा पेटीवर फिरवून फिरवून वाजवत राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. कागदावर यापुढचं लिहिलेलंच नव्हतं. देवा, आता तूच बघ, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात मांडवाच्या खांबाशी बसलेल्या एका म्हातारीने तेच शब्द उचलले. मांडीवर कापडी पिशवी, बसची वाट पाहत टेकलेली असावी. गाण्याची चाल मात्र वेगळीच होती. जात्यावर बसल्यासारखी, डुलत जाणारी, कसली घाई नसलेली. मधेच थांबून तिने हाक दिली, "पोरी, थांबली काहून वं? आमी असंच म्हनतो. धर!"

भोवतालच्या बायांनी चाल धरली. सलीमभाईंचा ढोलक तर आधीच त्या चालीवर वाजू लागला होता. मी सूर शोधू लागलो, पण जी पट्टी दाबीन ती खोटी लागे. सलीमभाई ओरडले, "भाऊ, पेटी सोडा ना जराशीक!"

मी हात उचलला. भजनात बसलो आहे आणि माझ्या हाताला काही काम नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. म्हणून मला ऐकू आलं. आधी सगळ्यांच्या खाली, मग सगळ्यांच्या बरोबरीने आणि मग सगळ्यांच्या वर, हिचा आवाज. कुठे चीर नाही. डोळे मिटलेले, मान डुलते आहे, आणि ओठांवर ऑपरेशननंतर मी न पाहिलेलं हसू. मी टाळ्या वाजवत होतो. तालात होत्या की नाही, देव जाणे. मांडवातले म्हातारेही उठून नाचू लागले.

बऱ्याच वेळाने हात पुन्हा पेटीवर गेला आणि सूर सापडला. बोटाखाली पाहिलं. काळी चार, तिची जुनी पट्टी. सवयीप्रमाणे पुन्हा तपासून पाहिलं. काळी चारच.

भजन संपल्यावर ही पाया पडायला म्हातारीला शोधू लागली. खांबाजवळ बसलेली बाई म्हणाली, "मालेगावची गाडी लागली ना, गेल्या त्या." कोणत्या गावच्या, कोणालाच माहीत नव्हतं. पुढे डॉक्टर म्हणाले, गळा आधीच भरला असेल, भीती तेवढी राहिली असेल. असेलही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. ती भीती काढायला कोणी तरी नेमकं तिथे येऊन बसलं होतं, एवढं मी पाहिलं, आणि त्यासाठी रोज हात जोडतो.

आखणी मी सोडलेली नाही. पेटी सुरात नसती, शब्द पाठ नसते, ढोलक कसलेली नसती, तर त्या दिवशी मिळालेलं धरलं कशात असतं? तयारी आपण करायची. पण ती घट्ट धरून बसलं की देणाऱ्याला हात घालायला जागा राहत नाही, हे मला उशिरा कळलं.

आता घरात पोळ्यांच्या वेळी पुन्हा गुणगुणणं ऐकू येतं. परवा सरावाला बसलो तेव्हा तिने विचारलं, "आज कोन्ती पट्टी ठरवली?"

मी म्हणालो, "तू सूर लाव, मी शोधतो."