अरुंधती न दिसलेली सून

वडनेर भोलजीच्या हिंमतरावांची कोकिळा लग्नाच्या मांडवातच खोटं बोलायला नाही म्हणाली, आणि दोन गावांत तिचं नाव झालं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. वैशाखातलं लग्न. सप्तपदी आटोपली, अंधार पडला, तसे भटजी नवरा-नवरीला मांडवाबाहेर घेऊन आले. उत्तरेला सप्तर्षी वर चढले होते. गावात त्यांना खाटलं म्हणत. चार तारे म्हणजे म्हातारीच्या खाटल्याचे पाय, आणि मागचे तीन ते खाटलं पळवायला आलेले चोर.

"त्यातला मधला चोर नाही बरं," भटजी म्हणाले. "ते वसिष्ठ ऋषी. त्यांना लागूनच बारीकशी चांदणी आहे, ती त्यांची बायको, अरुंधती. दिसली?"

"दिसली," नवरदेव शेषराव म्हणाला.

कोकिळेने मुंडावळ्या बाजूला सारून डोळे बारीक केले. तिला लांबचं सगळं लहानपणापासून पुसटच दिसायचं. सगळ्यांनाच तसं दिसत असेल, अशी तिची समजूत होती. वसिष्ठाच्या जागी तिला कापसाच्या पेळूसारखा एकच पांढुरका ठिपका दिसला.

"एकच हाये," ती म्हणाली. "दुसरी नाही दिसत."

मावशीने मागून चिमटा काढला. "दिसली म्हण व! सगळ्याच म्हणतात."

"नाही दिसली तर दिसली कशी म्हणू? पहिल्याच दिवशी खोटं बोलू काय?"

भटजींनी पुढचा मंत्र म्हणून वेळ मारून नेली. पण शेषरावाची आई जनकाबाई तिथंच उभी होती. अरुंधती ज्याला दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो, हे तिने आपल्या सासूकडून ऐकलेलं. तिचा चेहरा उतरला तो उतरलाच.

सासरी, धामणगाव बढ्याला, घर भाजीपाल्यावर चालायचं. वांगी, मिरच्या, गवार. कोकिळेला शेतकामाची सवय होती, पण जनकाबाई तिला बियाण्याला हात लावू देईना. "तू राहू दे. तुह्या हातचं उगवनार नाही." गल्लीतल्या बाया तिच्याकडे अशा पाहायच्या, की जणू तिची तिरडी दारात बांधून ठेवलीय. कोणी तिला जास्तीची पोळी वाढे, कोणी उगाच डोळ्याला पदर लावे. कोकिळा जास्तीची पोळी खाऊन टाकायची आणि पाण्याच्या दोन घागरी जास्त आणायची.

ज्येष्ठ सरता सरता जनकाबाईने मनातलं बोलून दाखवलं. जेवणं झाल्यावर अंगणात बाया बसल्या होत्या. "आखाडात हिचा भाऊ येईल. जाऊ दे माहेरी. सहा महिने तिकडंच काढू दे. जगली-वाचली तर पाहू."

कोकिळा भांडी घासत होती. राखेचे हात तसेच ठेवून ती उठली.

"आत्याबाई, मराचं असन तर मी इथंच मरीन. पन आधी मले एक सांगा. तुम्हाले दिसते काय ते अरुंधती?"

"दिसते म्हंजे? दिसतेच!"

"मंग दाखवा. सगळ्याजनी बोट करा."

आभाळ स्वच्छ होतं, खाटलं समोर लटकत होतं. बायांनी बोटं वर केली. एकीचं बोट खाटल्याच्या पायाकडे, दुसरीचं पार पश्चिमेला, तिसरीचं लिंबाच्या शेंड्याकडे. खुद्द जनकाबाईचं बोट ध्रुवाकडे. ओट्यावर बसलेल्या शेषरावाला हसू आवरेना.

"माय, ते तर ध्रुव हाये!"

शेजारची म्हातारी बनाबाई तेवढी हात खाली ठेवून बसली होती. ती म्हणाली, "मले तं तिकडचं काहीच दिसत नाही, आन् कधी दिसलंही नाही. लग्नात मी बी हो म्हनलं. नातवाचं लग्न झालं माह्या. मेली काय मी?"

जनकाबाई ताडकन उठून घरात गेली. दुसऱ्या दिवसापासून ती सुनेशी बोलेनाशी झाली.

आखाडात भाऊ आला, रीतीप्रमाणे कोकिळा माहेरी गेली. डोळ्यांची गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. बनाबाईला कधीच दिसली नाही, पण नवऱ्याला तर दिसते. मले काऊन दिसू नये? तिने बापाच्या मागे लागून मलकापूरच्या डॉक्टरकडून डोळे तपासून घेतले. काळ्या काड्यांचा चष्मा लावून ती रस्त्यावर आली आणि समोरच्या लिंबाची पानं पाहून उभीच राहिली. एकेक पान वेगळं होतं. इतकी वर्षं तिने झाडं पाहिली होती ती हिरव्या ढिगासारखी.

नागपंचमी झाली तरी सासरहून कोणी न्यायला आलं नाही. निरोपही नाही. आई रडू लागली, "बोलावल्याबिगर कशी जाशीन?"

"ते माहं घर हाये. घरी जायाले बोलावनं काऊन लागते?"

ती एकटीच एस.टी.त बसली. मलकापूरला गाडी बदलली. धामणगावात उतरली, पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि भर दुपारी बाजारातून चालत निघाली. चष्मा लावलेली बाई गावाने पाहिली नव्हती. "मास्तरीन आली काय बे?" कोणीतरी ओरडलं. तिने मान वळवून चष्म्यातून त्याच्याकडे सरळ पाहिलं. तो दुकानात शिरला.

दारात जनकाबाई उभी. "कोनं आनलं तुले?"

"एस.टी.नं."

"आन् हे डोयावर काय?"

"हे नव्हतं म्हनून ते चांदनी नव्हती दिसली. माह्या मरन्याचा त्यात काही संबंध नाही. सरका, पेटी जड हाये."

जनकाबाई सरकली.

कार्तिक आला आणि गेला. सहा महिने कधी भरले ते कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. मिरच्यांचे तोडे चालू होते आणि कोकिळा सगळ्यांच्या पुढच्या ओळीत होती. पुढच्या चैत्रात तिने अंगणातून वसिष्ठ शोधला. शेजारी खरंच एक बारीक चांदणी होती. "मांगं नाही चालत हे," ती शेषरावाला म्हणाली. "बाजूनं चालते." तो म्हणाला, "तुह्यावानीच."

त्या उन्हाळ्यात जनकाबाईने एकदा गुपचूप सुनेचा चष्मा लावून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. "यातून तं दिसत होतं तेबी दिसत नाही!"

"तो माह्या डोयाचा हाये, आत्याबाई. तुमचा येगळा लागन. चाला मलकापूरले."

दोघी गेल्या. परतल्यावर गल्लीतल्या बायांनी तोंडाला पदर लावला, "या वयात चस्मा, जनकाबाई? लोक काय म्हनतीन?"

जनकाबाईने नवा चष्मा नाकावर नीट बसवला. "डोये माहे, चस्मा माहा. लोकायले म्हना, आधी ध्रुव कोनता ते शिका."