शेवटचे पाच काप

शितावरून भाताची परीक्षा करायची म्हणतात. ताईंनी सव्वीस वर्षं दुसरं काही केलंच नाही. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागच्या खोलीत त्या मेणाच्या ठोकळ्यांचे काप काढायच्या. प्रत्येक ठोकळ्यात कुणाच्या तरी अंगातला तुकडा. केसाच्या विसाव्या भागाइतका पातळ काप घ्यायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि अलगद काचेवर उचलायचा. शिंक आली की काप गेलाच. ताई म्हणे शिंकसुद्धा जेवणाच्या सुट्टीपर्यंत आवरून धरतात, अशी खात्यात थट्टा चाले. पेशंट बरा झाला की मिठाईचा खोका वरच्या मजल्यावर जातो. तळमजल्यावर पोचलाच तर रिकामा पोचतो. ताईंना त्याचं काही वाटत नसे. निदान तसं त्या म्हणत तरी.

लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, हा त्यांच्या खोलीचा खास पाहुणा. त्याच्या जाती अनेक, आणि साध्या रंगात बऱ्याचशा एकसारख्या दिसतात. मग काचेवर अँटिबॉडीचा थेंब घालायचा. पेशीवर ठरावीक खूण असली तर अँटिबॉडी तिला चिकटते आणि पेशी तपकिरी होते. नसली तर कोरी राहते. त्याआधी काच कुकरमध्ये उकळावी लागते, कारण फॉर्मलिनमध्ये टिकवलेल्या तुकड्यात या खुणा पार आवळून गेलेल्या असतात.

त्या गुरुवारी बाहेरच्या एका छोट्या हॉस्पिटलातला ठोकळा होता. बाई, वय चौतीस, मानेतली गाठ. ‘बी’ जातीच्या पेशींची खूण तपासली, तर काच कोरी आली. मॅडमनी, म्हणजे खात्याच्या डॉक्टरांनी, रिपोर्ट लिहायला घेतला: ‘बी’ जातीचा नाही. एक औषध नेमकं याच खुणेला धरून काम करतं. रिपोर्ट गेला की ते औषध त्या बाईच्या वाट्याला यायचं नव्हतं.

ताईंनी काच ट्रेमध्ये ठेवण्याआधी सवयीने मायक्रोस्कोपखाली धरली. गाठीच्या कडेला निरोगी ग्रंथीची एक पट्टी शिल्लक होती. तिथल्या काही पेशी ‘बी’ जातीच्याच असतात, त्या कुणाच्याही अंगात तपकिरी व्हायलाच हव्यात. त्याही कोऱ्या! ताईंनी फॉर्म ओढून तारखा वाचल्या आणि तशाच मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“मॅडम, लहान तोंडी मोठा घास घेते. हा रिपोर्ट नका पाठवू.”

“का? काचेच्या कोपऱ्यात पडताळ्यासाठी लावलेलं आपलं टॉन्सिल तर छान रंगलंय, ताई. रंगात खोट असती तर तेही कोरं राहिलं असतं.”

“टॉन्सिल आपल्या घरचं. वेळेवर बुडवलेलं, वेळेवर काढलेलं. हा तुकडा जोडून सुट्ट्या आल्या म्हणून पाच दिवस फॉर्मलिनमध्ये पडून होता. जून शेंग आहे ही, जास्त शिजवायला हवी होती. तारखा फॉर्मवर होत्या, मी वाचल्या नाहीत. सगळ्यांना एकच वेळ लावली. चूक माझी आहे.”

मॅडम वयाने ताईंच्या धाकट्या बहिणीएवढ्या, आणि चटकन चिडणाऱ्या. आता बरसणार, असं वाटलं. त्यांनी काच मायक्रोस्कोपखाली धरली, बराच वेळ कडेची पट्टी पाहिली आणि पेन खाली ठेवलं.

“ठोकळ्यात किती उरलंय?”

“पाच काप. बाकी सगळं मेण.”

“उरलेल्या गाठी पोटात खोल आहेत. हे वाया गेलं तर पोट उघडावं लागेल.”

ताईंनी पाच काप काढले. पहिल्याला घडी पडली. दुसरा पात्यालाच चिकटून फाटला. तिसरा नीट बसला, पण जास्त उकळल्यावर काचेवरून सुटून पाण्यात गेला. ताईंनी हात धुतले, खुर्चीवर दोन मिनिटं नुसत्या बसल्या. पाचवा काप राखून ठेवला, चौथी काच रात्रभर उबेत वाळवली, सकाळी कुकरमध्ये घातली आणि आच सोसवेल इतकीच वाढवली. ती टिकली. आधी कडेची पट्टी तपकिरी झाली आणि मग सगळी गाठ.

“ताई, बी आहे,” मॅडम म्हणाल्या. एवढंच. ताईंना त्यांचे पाय धरावेसे वाटले. ‘डॉक्टर कोण, तुम्ही की मी?’ असं विचारणारे त्यांनी थोडे पाहिले नव्हते. मॅडमनी ऐकलं, हे उपकार त्या जन्मभर विसरणार नव्हत्या.

आठ महिन्यांनी मॅडम दोन बायकांना घेऊन त्या खोलीत आल्या. एक सासू, एक सून. सुनेच्या डोक्यावर बोटभर केस उगवले होते.

“तुम्हीच का त्या?” सासूबाई म्हणाल्या. “मला वाटलं, कुणी चष्मेवाला म्हातारा असेल.”

“मी काही केलं नाही हो. नुसता कुकर लावला.”

“कुकर आम्हीपण लावतो, बाई. आमच्यातून माणूस नाही निघत!”

सगळ्या हसल्या. ताई मात्र सुनेकडे पाहत राहिल्या. सव्वीस वर्षांत हजारो जणांचे तुकडे हाताखालून गेले, पण ज्याचा तुकडा तो माणूस समोर उभा राहिला नव्हता.

“जरा मान दाखवता?” त्यांनी भीतभीत विचारलं.

सुनेने ओढणी बाजूला केली. कानाखाली व्रण होता, चांगला भरलेला. ताईंनी त्याच्यावर बोट ठेवलं. कातडी गरम होती, आणि तिच्याखाली नाडी उडत होती. “थँक्यू,” ताई म्हणाल्या. सून म्हणाली, “अहो, ते मी म्हणायला आलेय.”