चार्जर आणू नये

माझ्या दादाला गल्लीत सगळे 'पुरावा' म्हणतात. आमचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. कोणी काहीही तक्रार घेऊन आलं, की दादा चष्म्यावरून बघतो आणि विचारतो, "पुरावा?" मशीन बंद पडतं म्हणता, मग बंद पडून दाखवा. लग्नाला तिने होकार दिला तेव्हाही त्याने हेच विचारलं होतं, असं वहिनी सांगते. ती थट्टा करते की खरं सांगते, हे मला अजून कळलेलं नाही.

दादा आता सत्तावन्नचा आहे. आधी त्याने रेडिओ दुरुस्त केले, मग टाइपरायटर, मग ही मशीनं. हात सोन्याचा. बहीण म्हणून नाही, वीस वर्षं त्याच्या काउंटरवर बसून सांगते. पण स्वतःची चूक कबूल करायची म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. एकदा त्याच्या हातून माझ्या चहात स्क्रू पडला. मी तो गिळता गिळता वाचले. तर म्हणतो कसा, "कप तिथे ठेवला कोणी?"

दुकानात एक पाटी आहे. मजकूर त्याचा, अक्षर माझं. 'फक्त मशीन आणावे. चार्जर, पिशवी, माउस आणू नये.' एकदा दोन गिऱ्हाइकांच्या चार्जरची अदलाबदल झाली आणि दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हापासून ती लावली. आमच्याकडे प्रत्येक जातीचा एक चार्जर टेबलाला बांधूनच ठेवलेला असतो. कोणाचं काही अडत नाही, असं आम्ही समजत होतो.

एका मंगळवारी एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, नीटनेटक्या, खांद्याला कापडी पिशवी. कॉलेजात एक मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही. बाई वर्गात बसून शिक्षक बोलतील ते भराभर टाइप करतात आणि ते त्या मुलीच्या समोरच्या स्क्रीनवर उमटतं. नुसतं शिक्षकांचं बोलणं नाही, जे कानावर पडेल ते सगळं. दार करकरलं, कोणी शिंकलं, दोघी जणी कुजबुजल्या, तेही कंसात.

"शिंकांचं काय करायचंय तिला?" मी विचारलं.

"इतरांना फुकट ऐकू येतं ना? मग तिलाच का नको?" बाई म्हणाल्या. मला त्या तिथेच आवडल्या.

तक्रार अशी होती. सकाळी मशीन पळायचं. जेवणाच्या सुट्टीत बाई झाकण लावायच्या, मशीन झोपायचं. झोपेतून उठलं की त्याचं अंगच जड. बाईंचं वाक्य टाइप करून झालेलं असायचं आणि मुलीसमोर जेमतेम तीन शब्द उमटलेले असायचे. सांगता सांगता बाईंनी पिशवीतून मशीन काढलं, मग चार्जर काढला. मी पाटीकडे बोट केलं. त्यांनी चार्जर निमूट परत पिशवीत ठेवला.

दादाने आमचा चार्जर लावला, मशीन झोपवलं, उठवलं. प्रोसेसर किती वेगाने चालतोय हे दाखवणारी एक छोटी खिडकी तो स्क्रीनच्या कोपऱ्यात उघडून ठेवतो. झोपेआधी आकडा तीनच्या वर. उठल्यावरही तीनच्या वर.

"पुरावा नाही," दादा म्हणाला.

तरी त्याने पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट सुकली होती ती खरवडून नवी लावली, झोपेच्या सगळ्या सेटिंग तपासल्या. दोन दिवसांनी बाई परत दारात. या वेळी त्याने मदरबोर्डचं सॉफ्टवेअर नवं भरलं. शुक्रवारी बाई पुन्हा आल्या, तेव्हा त्याने हट्टालाच पेटून मशीन दिवसभर ठेवून घेतलं. त्रेसष्ट वेळा झोपवलं, त्रेसष्ट वेळा उठवलं, वहीत रेघा मारल्या. आकडा एकदाही पडला नाही. संध्याकाळी बाई न्यायला आल्या तेव्हा दादाने वहीच समोर धरली.

"बाई, मशीन ठणठणीत आहे. तुमचाच हात मंदावला असेल."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या स्टुलावर बसल्या.

"विभागप्रमुखही तेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "वयाने होतं म्हणे. सोमवारी दुपारच्या तासाला ते मागे येऊन बसणारेत. तेव्हाही मी मागे पडले तर दुसरी बाई ठेवतील." मग म्हणाल्या, "मी रोज पहाटे उठून सराव करते हो. रेडिओवरच्या बातम्या लावते आणि टाइप करते. घरी हात चालतो, मशीनही चालतं. वर्गातच काय होतं कळत नाही. मलाही आता वाटायला लागलंय, की मीच..."

त्यांनी मशीन पिशवीत भरलं. पैसे घ्यायला मी हात पुढे केला नाही आणि त्या गेल्यावर दादावर जी घसरले ती घसरलेच.

"घरी चालतं, दुकानात चालतं, फक्त वर्गात चालत नाही. मग वर्गात जाऊन बघ ना! तुझा पुरावा काय चालत दुकानात येणार आहे?"

दादाने वही मिटून खणात टाकली. पण सोमवारी साडेअकरालाच त्याने हत्यारांची पिशवी भरली, त्या जातीचा आमचा चार्जर टेबलावरून सोडवून आत टाकला आणि मला म्हणाला, "शटर ओढ."

बाईंचा कॉलेजातला वर्ग लांबट होता. बाईंचं टेबल खिडकीपाशी. सकाळचा तास संपतच होता. मशीन बॅटरीवर पळत होतं, स्क्रीनच्या कोपऱ्यात दादाच्या त्या छोट्या खिडकीतला आकडा तीनच्या वर. सुट्टीची घंटा झाली. बाईंनी झाकण लावलं, पिशवीतून चार्जर काढला आणि मशीनला लावला. सॉकेट भिंतीत खाली होतं. वायर जेमतेम पुरत होती, टेबलाच्या कडेवरून ताठ ताणलेली. मग त्यांनी डबा खाल्ला, हात धुतले, झाकण उघडलं.

आकडा शून्य पूर्णांक चार.

"पुरावा," मी म्हटलं.

 दादाने चार्जर काढला. थोड्या वेळात आकडा तीनवर गेला. लावला, पुन्हा शून्य पूर्णांक चार. मग त्याने लोंबणारी वायर एका बोटाने जराशी वर उचलून धरली. आकडा तीन. बोट काढलं, आकडा खाली. झोपेचा यात काडीचाही संबंध नव्हता. बाई वर्गात चार्जर फक्त झोपवताना लावत होत्या, एवढंच.

दादाने प्लगचं टोक उजेडात धरलं. मधली बारीक पिन वाकलेली होती. तो बाईंना समजावू लागला, "ही पिन चार्जरची ओळख सांगते, किती जोर आहे ते. वायर ताणली की पिन टेकत नाही, ओळख पटत नाही. मग मशीन सावध होतं आणि प्रोसेसरला हळू चालायला लावतं. घरी वायर सैल, म्हणून चालतं."

"म्हणजे मशीनही पुरावाच मागत होतं," मी म्हटलं. दादा हसला नाही.

बाई त्या पिनेकडे बघत होत्या. "मग माझा हात?" त्यांनी विचारलं.

"हाताला काही झालेलं नाही," दादा म्हणाला आणि आमचा चार्जर लावला.

घंटा झाली. ती मुलगी येऊन पहिल्या रांगेत बसली. तिच्या मागच्या बाकावर, बाईंच्या टेबलाला लागूनच, मी आणि दादा. विभागप्रमुख आले, जागा नव्हती म्हणून दादाच्या शेजारीच टेकले. तिघांनाही तिचा स्क्रीन दिसत होता. सर दगडांचे थर कसे बनतात ते सांगायला लागले. भराभर बोलणारे होते. पण शब्द सरांच्या तोंडून पडायचा अवकाश, तो स्क्रीनवर. '(खुर्ची सरकली.)' '(कोणीतरी खोकलं.)' मुलगी हसून मान डोलवत होती, वहीत लिहीत होती. मी बाईंच्या बोटांकडेच बघत राहिले. या बाईंना माझ्या सख्ख्या भावाने हात मंदावला म्हटलं होतं. आणि पहिल्याच दिवशी टेबलावर आलेला चार्जर मी परत पिशवीत ठेवायला लावला होता.

दादा माझ्या कानाशी वाकला आणि अगदी हळू काहीतरी पुटपुटला. वीस वर्षांत पहिल्यांदा. माझं लक्ष बाईंच्या बोटांत, नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी स्क्रीनकडे बघितलं.

'(मागच्या बाकावरून, पुरुषाचा आवाज : चूक माझीच झाली गं.)'

मुलीने वळून पाहिलं. मागे पुरुष दोन होते. तिने आधी दादाकडे बघितलं, मग बराच वेळ विभागप्रमुखांकडे. त्यांचे कान लाल झाले. ते खाकरले. बाईंची बोटं थांबली नाहीत.

'(खाकरणं.)'

'(दुसऱ्या पुरुषाचा आवाज : माझीही.)'