जासईतलं दुसरं बारसं

नेरूळहून उरणच्या बसमध्ये बसले तेव्हा माझ्या गळ्यात 'संशोधन सहायक' असं कार्ड होतं. आदल्या दिवशी कॉलेजात ते समारंभपूर्वक घातलं गेलं होतं. समाजशास्त्राच्या संशोधनात सामील होऊन पदवीच्या मुलांना काय मिळतं, यावर विभागप्रमुख बोलले. आत्मविश्वास, संवादकौशल्य, नोकरीच्या अर्जात एक ओळ. समाजाचा उल्लेख राहून गेला.

"कुठं?" कंडक्टरने विचारलं.

"जासई, दोन."

"यार्डात कामाला?"

"नाही, लोकांचा अभ्यास करायला."

"मग इथंच करा की. बस भरलीय."

शेजारी मीनलताई हसल्या. आमच्या गटात पीएच.डी. करणाऱ्या त्या एकट्याच. म्हणाल्या, "ते कार्ड काढ. आपण लोकांच्या घरी चाललोय, धाड घालायला नाही."

खाडीकाठची तिवरं संपली आणि बंदराचे कंटेनर सुरू झाले. एकावर एक रचलेले, चाळींसारखे, फक्त खिडक्या नसलेले. गर्दीतून दारापर्यंत पोचेतो आमचा थांबा गेला; आम्ही एक थांबा पुढे उतरलो आणि ट्रेलरच्या रांगेला चिकटून, तोंडाला ओढणी बांधून मागे चालत आलो. ट्रेलरच्या सावलीत ड्रायव्हर डाळ शिजवत होते. रस्त्याकडेच्या झाडांचा मूळ रंग कोणता, ते विचारायची सोय नव्हती.

ज्या काकूंकडे जायचं होतं त्यांचा थोरला मुलगा याच रस्त्यावर ट्रेलरखाली गेला होता. बंदराच्या रस्त्यालगतची कुटुंबं, हा आमचा विषय.

"ये गो पोरी, बस. आदी जेवा."

तांदळाची भाकरी आणि जवला (सुकवलेली बारीक कोलंबी). मग काकू बोलल्या. पोलिसांबद्दल, यार्डातल्या ठेकेदाराबद्दल, सगळं. मी रेकॉर्डर धरून बसले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या बुकात त्याचा नाव येल ना? पेपरात नुसता 'दुचाकीस्वार ठार' लिवला. नाव नाय. म्हनून तर तुमाला बोलावलं."

मीनलताई हळूच म्हणाल्या, "काकू, फोनवर सांगितलं होतं, नावं बदलतो आम्ही."

"माजा बदला. त्याचा कशाला? त्याला आता कोन काय करनार?"

"धाकटा त्याच ठेकेदाराकडे आहे ना? थोरल्याचं नाव छापलं की त्याचं घर कळणार. मग धाकट्याची नोकरी?"

बाहेरून ट्रेलर गेला. मांडणीवरची भांडी थरथरली आणि थांबली.

"नको असेल तर मी सगळं आत्ता पुसते," ताई म्हणाल्या.

काकूंनी माझ्या हातातल्या रेकॉर्डरवर तळवा ठेवला. "पुसू नको."

"मग दुसरं नाव तुम्हीच सुचवा."

"मी कशी ठेवू? नाव आत्या ठेवते. त्याची आत्या तं गेली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हिला ठेवू दे."

"मी?"

"ठेव ना. चांगला ठेव, हां. कुनाचाबी नको."

ताईंनी मान डोलावली. काकूंनी पदर मागे सारून कान पुढे केला. बारशाला बाळाच्या कानात सांगतात, तसं मी त्यांच्या कानात एक नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं.

"हाक मारून बगते," म्हणाल्या, आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली. दारात कोणी आलं नाही.

"लांब हाय जरा," काकू म्हणाल्या. "पन चालंल."

परतीच्या बसमध्ये मी ते नाव वहीत लिहून घेतलं. अहवालात ते नाव येईल आणि खाली तळटीप असेल : नावे बदलली आहेत. वाचणारा ती ओलांडून पुढे जाईल; मीही आजवर अशा तळटिपा ओलांडतच आले. आता मला त्याची दोन नावं ठाऊक आहेत. एक मी कुणाला सांगू शकत नाही. दुसऱ्या नावाने त्याला एकदाच हाक मारली गेली, आणि ती मी ऐकली.