बरणीतला लाल विंचू

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरचे नाही – तेवढंच.

मी विंचू पाळला होता. हसू नका. मुकुटबनजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या दगडाखाली सापडला – लाल, बोटाएवढा. प्लास्टिकच्या बरणीत रेती घातली, सालीचा तुकडा उभा केला. नोटा तपासायचा जांभळा दिवा धरला की तो हिरवा चमकायचा. मला वेडच लागलं. वहिनी भ्यायची, म्हणून दादाने फेकून यायला सांगितलं. फेकला म्हणालो – आईची शपथ घेऊन. आणि बरणी नेऊन ठेवली कुठे? कापसाच्या खोलीत, ढिगामागे.

त्या दुपारी वहिनी तिथे चुंगड्यात कापूस भरत होती. एका हाताने दुसरा हात दाबून धरत बाहेर आली. "भाऊजी, मले इच्चू चावला." मी आधी आत धावलो – तिच्याकडे नाही, बरणीकडे. झाकण बाजूला, आत नुसती रेती. सकाळच्या घाईत मीच ते लावलं नव्हतं.

तिला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी मला एकच विचारलं, "पाहिला का? लाल होता की काळा?"

काय अवघड होतं हो त्यात? लाल विंचवाने माणूस जाऊ शकतो, हे मीच पोरांना फळ्यावर लिहून देतो. पण शेतातून धावत आलेला दादा बाजूलाच उभा होता. लाल म्हटलं असतं, तर त्याला सगळं कळलं असतं.

नाही पाहिला, मी म्हणालो.

वहिनीला नुसतं दुखणं थांबायचं इंजेक्शन मिळालं. तासाभरात ती घामाने भिजली, हात गारठले, तोंडाला फेस आला. लाल असणार, हे डॉक्टरांनी स्वतःच ओळखलं आणि धावपळ सुरू झाली. मी तेव्हाही – तेव्हाही – गप्प. आपण असे आहोत? मला खरंच माहीत नव्हतं. अजून धक्का बसतो.

यवतमाळला चार दिवस ऑक्सिजनवर राहून ती वाचली. विंचू कापसातून आला, असं घरात ठरून गेलं. ती मात्र आल्यागेल्याला सांगते, "भाऊजीनं गाडी पळवली म्हणून वाचली मी." मी ऐकून घेतो.

आणि एक राहिलं. ती तिकडे ऑक्सिजनवर असताना मी तिचे कपडे न्यायला घरी आलो. विंचू कापसाच्या ढिगामागेच होता, भिंतीच्या कडेला. मी त्याला चिमट्याने उचलून परत बरणीत ठेवलं. मग एक झुरळ धरून त्याच्यापुढे टाकलं, आणि खातो का ते बघत बसलो.