काकाजींची बेटं

प्रशांत महासागरातल्या कुठल्याही बेटावर विजेसाठी डिझेलचं इंजिन सुरू झालं, की त्याचा ठसका साऱ्या खामगावात एकाच माणसाला लागायचा. तो माणूस आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. माझ्या वडिलांचे हे मित्र, आमचे काकाजी, तहसील कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा चांगले शहाणे होते. मग लेकीनं पंचांग पाहायला म्हणून मोबाइल घेऊन दिला आणि सगळं बिघडलं. एकादशी शोधता शोधता त्यांना एक तक्ता सापडला. कोणता देश वीज तयार करताना हवेत किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याचा. तुम्ही-आम्ही तो वरून वाचला असता. काकाजी वर्तमानपत्रसुद्धा शेवटच्या पानावरून वाचणारे. त्यांनी तक्ता खालून धरला आणि नाउरू, तुवालू, पलाऊ, कोमोरोस या चिमुकल्या बेटांच्या मंडळींत जे अडकले ते वर आलेच नाहीत. मी एकदा म्हटलं, "काकाजी, एवढ्याशा देशाइचा धूर असून असून किती असन? आपल्या कोळशाचं बोला ना काही." ते माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत राहिले. "मोठ्याइच्या धुरासाठी सभा होतात भाऊ, भाषणं होतात. लहान्याले कोन पुसते? समुद्राच्या मधात राह्यतात बिचारे. ना कोळसा, ना नदी. डिझेल बी जहाजानं येते. जहाज नाही आलं का बसा अंधारात."

पुढं पुढं त्यांनी आमच्या गल्लीचंच जग करून टाकलं. कोपऱ्यावरच्या मास्तरांकडे कूलर नव्हता, म्हणून त्यांचं घर भूतान. तिथं पाण्यावर वीज होते, धुराचं नाव नाही, असं ते मास्तरांना रोज सांगायचे, आणि उकाड्यानं हैराण झालेले मास्तर रोज ऐकून घ्यायचे. आमच्याकडे खोलीगणिक कूलर. "वैनी, तुमचं घर आखातात गेलं," असं ते माझ्या आईला दारातूनच ऐकवायचे. आई काय कमी होती? "जाऊ द्या भाऊजी. तुमी राहा भूतानात, मले गार वारा पाह्यजे," म्हणून ती कूलरची कळ आणखी पुढं फिरवायची.

लग्नाला गेले की काकाजी नवरानवरीकडे जायच्या आधी मांडवामागं जनरेटरकडे जायचे, धुराचा वास घ्यायचे आणि मान हलवायचे. नांदुऱ्याला आमच्या नात्यातलं लग्न होतं, तिथं तर कहर झाला. लाइन चांगली असताना जनरेटर कशाला, म्हणून त्यांनी तो परस्पर बंद केला. नेमका भटजींचा माइक त्याच्यावर होता. दुसऱ्या मंगलाष्टकातच भटजींचा आवाज गेला. आपल्याकडे मागची मंडळी एका मुठीत अक्षता आणि दोन्ही डोळे पंगतीकडे लावून उभी असतात. आवाज थांबला म्हणजे लग्न लागलं, असं समजून त्यांनी सगळ्या अक्षता उधळल्या आणि पानं धरली. तिकडे अंतरपाट तसाच, भटजी बिचारे बेंबीच्या देठापासून ओरडताहेत, आणि खरं 'सावधान' झालं तेव्हा अक्षतांसाठी स्वयंपाकघरातून तांदूळ आणावे लागले. नवरीचा बाप अंगावर धावून आला. काकाजी शांत. "लग्न काय डिझेलवर लागते काय? पाहा बरं, लागलं का नाही." मांडवाचं सामान पुरवणारा बिछायतवाला आमच्या खामगावचाच. हा माणूस जिथं दिसेल तिथं जनरेटर गाडीतून उतरवणार नाही, अशी त्यानं त्या दिवशी शपथ घेतली.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात आई न्यूमोनियातून उठून घरी आली. सोबत विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन. ते बंद पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भर दुपारी कोपऱ्यावरची डीपी जळाली आणि गल्लीची लाइन गेली. अडीअडचणीला ठेवलेलं सिलिंडर लावलं, पण त्याचा काटा उतरू लागला. दुसरं अकोल्याहून यायचं होतं. लाइनमन म्हणाला, संध्याकाळ होईल. आईचे ओठ काळसर दिसायला लागले. ती माझ्याकडे पाहत होती, मी काट्याकडे. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. तेवढ्यात गल्लीत खडखड झाली. हातगाडीवर जनरेटर, ती ढकलणारा तो बिछायतवाला, आणि पुढं डिझेलचा डबा धरून घामाघूम काकाजी.

काकाजी त्याच्या दारात जाऊन हात जोडून उभे राहिले होते, हे बिछायतवाल्यानं मला नंतर सांगितलं. "त्या दिवशी बंद केला, आज चालू कराले आलो," एवढंच ते बोलले.

जनरेटर गल्लीच्या पलीकडं लावला, खिडकीतून वायर आत घेतली आणि मशीन घुरघुरायला लागलं. लाइन येईपर्यंत काकाजी नाकाला दुपट्टा बांधून त्या धुरातच स्टुलावर बसून राहिले, डिझेल ओतत. संध्याकाळी आईच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं नळी जरा बाजूला केली आणि खिडकीतून विचारलं, "भाऊजी, आता तुमच्या बेटाइले काय सांगसान?"

"त्याइले सांगा लागत नाही, वैनी," काकाजी म्हणाले. "ते बी काय हौसेनं जाळतात काय डिझेल? त्याइच्या बी घरात कोनीतरी असनच."

मग उरलेला सगळा मे महिना त्यांनी कूलर लावला नाही. गल्लीनं केलेला धूर गल्लीनंच भरून काढावा, हा त्यांचा हिशेब. ओला पंचा डोक्यावर घेऊन दारात बसायचे. मी हाताला धरून आमच्याकडे आणलं, तर त्यांनी आमचाही कूलर बंद करायला लावला. मग आम्हीही घामानं भिजत बसलो, आणि मी चिडलोसुद्धा नाही. आई आज माझ्यासमोर बसून भाकरी खाते ती त्यांच्यामुळे. त्यांचे हे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार आहे?

पावसाळ्यानंतर लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. शेजारच्या दाराला कुलूप आहे. लग्नांत आता जनरेटर बेधडक चालतात, मांडवामागं जाऊन कोणी वास घेत नाही. आईचं मशीन सुटलं. यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी पाहतो तर लाइन असूनही तिनं कूलर बंद केलेला, आणि हातपंख्यानं वारा घेत बसलेली.

"काऊन बंद केला, आई?"

"राहू दे थोडा येळ," ती म्हणाली. "त्या तुवालूत कोनाची तरी माय मशीनवर असन."

मी तिच्या हातातला पंखा घेतला आणि दोघांना वारा लागेल असा हलवत बसलो.